‘न’चा खटका

खराबवाडी, चाकण
६ जानेवारी २०२५

चि. दिव्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने मोजून देत बसणार नाही.

गणराजच्या हातून टॉवेलात गुंडाळून एक वस्तू पाठवतोय. गणराज आमच्या आळीतला, कंपनीची बस चालवतो, रोज सकाळी चाकणची माणसं हिंजवडीत नेऊन ओततो. त्याला संशय नको म्हणून वस्तू उघडून दाखवली. तर म्हणाला, “काका, ह्यो कीबोर्ड हाय व्हय? मला वाटलं पाटा हाय, मसाल्याचा.” वजनाच्या बाबतीत त्याचं काही चुकलं नाही.

१९८९ साली भोसरीच्या आमच्या कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबरचा हा कीबोर्ड. इंग्रजी अक्षरांशेजारी मराठी अक्षरंही कोरलेली आहेत. कंपनी बंद पडली तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. मालकाने जमीन उचलली, मी हा.

त्या कॉम्प्युटरवर मी बावीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. कोण हजर नाही, कुणाची रजा मंजूर नाही, कुणाला गेटच्या आत घ्यायचं नाही, हे टाइप करून सही घेणे, एवढंच काम. त्यामुळे सगळ्यात जास्त झिजलंय ते ‘न’ अक्षर. कधी उमटतं, कधी नाही. बाकी बटनंही चिकटतात, त्यात चहा गेलाय, बहुतेक नव्वद सालचा.

गेल्या मे महिन्यात लग्नाच्या पंगतीत तू म्हणालीस की तू जुने कीबोर्ड उघडून साफ करतेस, तेव्हा सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला ऐकूच आलं नव्हतं. नंतर सुनेने, विजयश्रीने, घरी येऊन सांगितलं. तेव्हाही हसलो नाही.

फोन का नाही, पत्र का, असं तू विचारशील. टाइम ऑफिसची खिडकी प्रेस शॉपकडे उघडायची, तिथे दिवसभर पत्रा ठोकायचे. डावा कान तिथेच ठेवून आलो, उजवाही आता अर्ध्या पगारावर आहे. मेसेज करावा तर फोन घरात सगळे मिळून वाचतात. पाकीट मात्र अजून मीच फोडतो.

एकच अट. आमच्याकडे मशिन दुरुस्त झालं की त्यावर आधी एक पीस काढायचे. पहिला पीस. तो तपासणीला जायचा, ओके झाला तर पुढचा माल. त्या पहिल्या पीसला कानस लावायची नाही, जसा निघाला तसा दाखवायचा. तुझं उत्तर तू याच कीबोर्डवर टाइप करायचंस. चूक झाली तर सुधारायची नाही, वाचून बघायचंही नाही. जसं निघेल तसं पोस्टात टाक. तपासणी मी करीन.

हा दुरुस्त कशाला करायचाय हे विचारू नकोस. असंच.

तुझा,
सयामामा


मारुंजी
१९ जानेवारी २०२५

ती. सयामामा,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण जमिनीवर दुसऱ्या कीबोर्डांची बटनं वाळत घातलीयत.

तुमच्या नियमाप्रमाणे हा पहिला पीस. तुमच्याच कीबोर्डवर, बोटांकडे बघत टाइप करतेय, स्क्रीनकडे मान वळवलेली नाही. खालच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून तसाच पाकिटात जाईल. तुमचा का कसा आहे?

आता कामाचं. हल्लीच्या कीबोर्डात खाली एकच रबराची चटई असते, ती गेली की सगळं कचऱ्यात. तुमच्या कीबोर्डात प्रत्येक बटनाखाली एक स्वतंत्र खटका आहे. बाजारात स्विच म्हणतात, पण माझ्या खोलीत राहणारी मोनिका लातूरची आहे, ती खटका म्हणते, आणि मला तोच शब्द पटतो. आत एक स्प्रिंग आणि पितळेच्या दोन नाजूक पट्ट्या. बटन दाबलं की पट्ट्या टेकतात आणि अक्षर उमटतं. पट्ट्यांमध्ये धूळ बसली की माणूस दाबत राहतो आणि अक्षर येत नाही.

मी एकेक खटका उघडला, स्पिरिटने पुसला, पट्ट्यांमधून कागदाची बारीक चिंधी फिरवली. दो दिवस लागले. काल झाकण काढताना ‘न’चा खटका उडाला तो थेट मोनिकाच्या कपाळावर. ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. आत सापडलेला ऐवज असा: चहा, स्टेपलरच्या पिना चार, तांदळाचा दाणा एक, आणि ‘न’च्या बटनाखाली एक टिकली. मरून रंगाची. तुमच्या टाइम ऑफिसात टिकली कोण लावत होतं?

हे काम करताना म लागतं. आणि हल्ली वेळही आहे, त्याचं कारण सांगायला हवं. डिसेंबरात कंपनीने मला मोकळं केलं. आमच्या टीममधल्या चौदा जणांना एका मीटिंगमध्ये, नाश्ता देऊन. आता मी हेच करते. कुरुळीला हिंदुराव म्हणून आहेत, त्यांच्या वर्कशॉपात सहा जुनी परदेशी मशिनं आहेत. मशिनं ठणठणीत, पण त्यांच्या पॅनेलवरचे खटके गेलेत आणि तसे आता बनत नाहीत. एक पॅनेल त्यांनी मला दिलंय. ते फेब्रुवारीअखेर चाललं तर बाकीची पाच माझी, आणि त्यांच्या ओळखीतली आणखी वर्कशॉपं. हे जमलं तर मी उभी राहीन. एवढी एकच गोष्ट मला हवीय.

तोवर आईला सांगू का. तिला कळलं तर ती त्याच दिवशी निघेल. तिला घेऊन येऊ का. आणि माझी काळजी करू का, मामा.

तुमची,
दिव्या


खराबवाडी, चाकण
२७ जानेवारी २०२५

चि. दिव्या,

पहिला पीस मिळाला. तांबडं पेन घेऊन तपासला. ‘न’ अजून दगा देतोय. ‘तुमचा का कसा आहे’ हे मी तीनदा वाचलं. माझा ‘का’ बरा आहे, पण तुला कान म्हणायचं असावं. दोनचे दो झालेत, मनाचा म राहिलाय. एकूण तीन रिजेक्ट, बाकी ओके. पस्तीस वर्षांच्या मशिनला हे प्रमाण वाईट नाही, आमच्या नव्या सुपरवायझरांना हे जमायचं नाही.

मोनिकाचा आणि तुझा खटका उडाला तो बटनाचा की बोलाचालीचा, हे नीट कळलं नाही. दोन्ही धरून चालतो. जुळवून घ्या.

टिकलीचं मला काही माहीत नाही. टाइम ऑफिसात पन्नास माणसं येऊन जायची.

नोकरीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या वेळी काढायचे तेव्हा गेटला कुलूप लावायचे, नाश्ता देत नसत. सुधारणा म्हणायची.

आता तुझे प्रश्न. मारुंजीत राहून, एवढा पगार खाऊन, चौतिसाव्या वर्षी मुलगी मामाला विचारते, ‘आईला सांगू का, तिला घेऊन येऊ का’, हे वाचून मी चष्मा पुसला. पण ‘माझी काळजी करू का’ हे काय? स्वतःची काळजी करायलाही परवानगी लागते? कर की. मी नाही म्हणणारा कोण?

तू भिडस्त आहेस, विचारत बसशील आणि करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून कालच विजयश्रीच्या फोनवरून, स्पीकर लावून, ओतूरला तुझ्या आईशी, कौशीशी, मीच बोललो. तुझी नोकरी गेली, तुला आईची आठवण येतेय, रविवारी दोन तारखेला तू तिला न्यायला ओतूरला येतेयस, असं सगळं सांगून टाकलं. तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण विजयश्रीने मान हलवली. उभी की आडवी, ते आता आठवत नाही.

तुझे वडील गेल्यापासून कौशी एकटीच आहे. बरं झालं तूच विषय काढलास.

दुसरा पीस पाठव.

तुझा,
सयामामा


मारुंजी
५ फेब्रुवारी २०२५

ती. सयामामा,

नमस्कार. हे पत्र मी चार वेळा वाचून पाठवतेय. तुमचा नियम मोडला, हे आधीच कबूल.

काय झालं ते मला कळलं त्याच क्रमाने सांगते, म्हणजे तुमचाही तितकाच गोंधळ होईल.

रविवारी सकाळी सातला आईचा फोन. “कुठवर आलीस?”

मी म्हटलं, “अंथरुणातून बाहेर.”

“म्हणजे अजून निघाली नाहीस?”

“कुठे निघायचं होतं?”

“बरं, राहू दे. दमलीस वाटतं. मीच येते.” आणि फोन बंद. मी परत लावला तर ती एसटीत, आवाज येईना. दुपारी रिक्षातून दारात, दोन पिशव्या, एक रिकामी बॅग आणि शेंगदाण्याचा डबा घेऊन. मोनिकाने दार उघडलं. तिला वाटलं कुणी कुरिअरवाली.

हे सगळं का घडतंय ते मला समजेना. मग सोमवारी तुमचं पत्र आलं. ते वाचून आणखीच समजेना. मी कधी तुम्हाला ‘सांगू का’ विचारलं? शेवटी कॉम्प्युटरमधलं माझं पत्र काढून वाचलं. मामा, तीन रिजेक्ट नव्हते. सहा होते. मी लिहिलं होतं, आईला सांगू नका. तिला घेऊन येऊ नका. माझी काळजी करू नका. तिन्ही ठिकाणी ‘न’ गेला आणि ‘का’ उरला. मी मनाई करत होते, आणि तुम्ही परवानगी देत होतात.

मग मी ‘न’चा खटका पुन्हा उघडून मीटर लावला. पट्टी इतकी झिजलीय की तिला जोर लागतो. घट्ट दाबली तर उमटते, हलकी दाबली तर नाही. आणि एक विचित्र गोष्ट दिसली. ‘नमस्कार’चा न उमटलाय. ‘नाश्ता’चा उमटलाय. तीन ‘नका’ होते, त्यातला एकही उमटला नाही. मी बोटं पुन्हा ठेवून बघितली. मोठ्या माणसांना ‘नका’ म्हणताना माझं बोट हलकं पडतं. मला हे आजवर माहीत नव्हतं.

आई आल्यावर काय, ते ऐका. गॅलरीत चादरीवर चारशे बटनं धुऊन वाळत होती. तिला लांबून ते वाळवण वाटलं, खूश झाली. जवळ जाऊन एक उचललं, उलटं करून बघितलं. म्हणाली, “एवढं शिकून हे धुतेस?” मग बॅग उघडून माझे कपडे घड्या घालायला बसली. ओतूरला एक स्थळ आहे, ढोबळी मिरचीचं पॉलिहाऊस आहे, माणूस चांगला आहे, फक्त कमी बोलतो. मी म्हटलं, मग आपलं जमेल, मीही कमीच बोलते. तिला तो होकार वाटला. बघा, इथे तर ‘न’ची गरजही पडली नाही.

हिंदुरावांचं पॅनेल अर्ध्यावर आहे, आणि आई रोज एक कपाट रिकामं करतेय. मी तिला थांबवू शकत नाही, त्याचं कारण वेगळंच आहे. ती काल मोनिकाला सांगत होती, “पोरीने स्वतः सयादादाला लिहिलं, आईला घेऊन येऊ का म्हणून. कधी बोलत नाही बघ, पण मनात होतं तिच्या.” हे सांगताना तिचा चेहरा असा होता की आता ‘तू येऊ नयेस असं मी लिहिलं होतं’ हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि नाही सांगितलं तर बॅग भरतेय.

तुम्हीच तिला सांगा. किंवा सांगू नका. मला खरंच काही सुचत नाही.

‘न’च्या जागी मी आता दुसरा खटका बसवलाय. वरच्या ओळीत उजवीकडे एक बटन असतं, त्याचा उपयोग कुणालाच ठाऊक नसतो आणि ते कुणी कधी दाबलेलं नसतं. त्याच्याखालचा खटका नवाकोरा निघाला. तो काढून इथे लावलाय.

तुमची,
दिव्या


खराबवाडी, चाकण
१२ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्या,

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं. तांबडं पेन घेतलं. तीन ‘का’ दिसले. बावीस वर्षं लोकांच्या हजेरीतल्या चुका काढल्या आणि इथे अख्खा अर्थ उलटा झालेला दिसला नाही. चूक मुळात ‘न’ची आहे, पण तपासनीसाची सही माझी आहे.

कुणी न दाबलेलं, कुणाला उपयोग न समजलेलं, तरी वरच्या ओळीत बसलेलं आणि चकचकीत. आमच्या कंपनीत अशा बटनाला जनरल मॅनेजर म्हणत. त्याचा खटका अखेर कामी आला हे वाचून बरं वाटलं.

टिकलीचं मी खोटं बोललो. ती कौशीची.

नव्वद साली कौशी आमच्याकडे राहायला होती. माझी मावसबहीण, एकवीस वर्षांची. चाकणला टायपिंगचा क्लास केला, परीक्षा पास झाली, आणि मी तिला टाइम ऑफिसात चिकटवली. तीन महिने ती याच कीबोर्डवर बसली. नव्या मशिनला सगळे घाबरायचे, ती नाही. प्रेस शॉपच्या धडधडीतही तिचे खटके वेगळे ऐकू यायचे, पाऊस पत्र्यावर पडावा तसे. साहेब तिला कायम करणार होते. तेवढ्यात ओतूरचं स्थळ आलं. तिला विचारायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं. ती काही बोललीच नाही, खाली बघून हसली. आम्ही हो धरलं. झालं लग्न. तू त्याच्या पुढच्या वर्षीची.

डॉक्टर म्हणाला, उजवा कानही फार दिवसांचा सोबती नाही. तो जायच्या आधी तो आवाज एकदा ऐकावा असं वाटलं. एवढंच कारण होतं. आता तूच सांग, हे पंगतीत सांगण्यासारखं आहे का?

असो. घोळ मी घातलाय, निस्तरायचाही मीच. रविवारी तेवीस तारखेला गणराजला सुट्टी आहे, त्याच्या गाडीने येतो. तुला आणि कौशीला समोरासमोर बसवतो. तू मधे बोलू नकोस, मीच बोलतो. मला ऐकू येत नाही, त्याचा वाटाघाटीत फायदाच होतो. कौशीला समजावतो आणि ओतूरला सोडतो. तुलाही दोन महिने तिकडे जावंसं वाटलं तर जा, हवापालट होईल, हिंदुराव काही पळून जात नाहीत. मला नक्की काय योग्य ते कळत नाहीये, पण येतो हे नक्की.

तुझा,
सयामामा


मारुंजी
१८ फेब्रुवारी २०२५

सयादादा,

हे पत्र दिव्याचं नाही, माझं आहे, कौशल्याचं. याच कीबोर्डवर टाइप करतेय. एक ओळ लिहायला पाव तास लागतोय. पण बोटांना जागा आठवतात, डोक्याला आठवत नाहीत तरी.

तुझी तिन्ही पत्रं बटनांच्या डब्याखाली होती. काल डबा उचलला आणि वाचली. दिव्याची कॉम्प्युटरमधली मोनिकाने वाचून दाखवली, आधी नाही म्हणत होती, मी शेंगदाण्याची चटणी दिली. तर असं आहे. पोरीने मला बोलावलंच नव्हतं. येऊ नये असं लिहिलं होतं.

ऐकून उठले. गॅलरीत बसले आणि ओली बटनं पुसली. शंभरेक पुसली असतील. मग दिव्या कुरुळीहून आली. मला बटनं पुसताना बघून ती दारातच उभी राहिली. मी विचारलं, “मी यायला नको होतं ना?” ती खाली बघून हसली.

दादा, ते हसू मी ओळखते. तू पत्रात लिहिलंयस ना, कौशी खाली बघून हसली, म्हणून आम्ही हो धरलं. आरशात बघितल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं, “हसू नकोस, तोंडाने बोल.” मग म्हणाली, “आई, मला ओतूरला नाही यायचं. हे काम मला जमतंय.” मी म्हटलं, “ऐकू आलं.” आणि बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवले. घड्या मोडल्या नव्हत्या, लवकर झालं.

मी ओतूरच्या जत्रेपर्यंत इथेच राहतेय. हे मात्र तिने विचारलं, ‘राहतेस का’ म्हणून, तोंडाने. पट्ट्यांमधून कागद फिरवायचं काम माझ्याकडे आहे. माझा हात हलका आहे, त्या कामाला हलकाच लागतो. हिंदुरावांचं पॅनेल सोमवारी मशिनवर चढलं. तिथले पठ्ठे म्हणे एकेक बटन वीस-वीस वेळा दाबून बघत होते, एकही चुकलं नाही. उरलेली पाच पॅनेलं आजच टेम्पोतून आली, जिन्यात ठेवलीयत.

पॉलिहाऊसवाल्यांना मी कळवलंय. ते काही बोलले नाहीत. चांगला माणूस आहे.

आता तुझं. मी काही बोललेच नाही असं तू लिहितोस. हसले मी, ते नंतर, घरी, मावशीसमोर, तुझ्या आईसमोर. तू मला विचारलंस ते टाइम ऑफिसच्या दारात, आणि मी म्हटलं होतं, “दादा, नको.” दोनदा म्हटलं होतं. पुढे जे झालं ते वाईट झालं असं मी म्हणत नाही. दिव्याचे वडील भले होते, ओतूर चांगलं आहे. ते वेगळं. पण मी म्हटलं होतं, आणि तू घरी जाऊन मावशीला सांगितलंस, पोरगी तयार आहे. तू म्हणशील, प्रेसचा आवाज होता, ऐकू आलं नाही. जेवणाची सुट्टी होती, दादा. प्रेस बंद होत्या. आणि तेव्हा तुझे दोन्ही कान चांगले होते.

टिकली मी ठेवून घेतलीय. कीबोर्डही. तुला आवाज ऐकायचाय ना, मग पुढच्या महिन्यात, आम्ही बोलावू तेव्हा ये. मी टाइप करीन, तू उजवा कान माझ्याकडे करून बस.

या रविवारी येऊ नकोस. न नीट दाबलाय. तांबडं पेन घेऊन बघ, उमटलाय का.

कौशी